आमची बोली, भर शाळेत

मानोऱ्याच्या स्टँडवर पुण्याची बस लागली आणि याडीने, माझ्या आईने, ढावलो सुरू केला. आमच्या बंजारा तांड्यावर नवरी सासरी निघताना गळ्यात पडून गातात, ती गाणी. मी तर शिक्षिका म्हणून रुजू व्हायला निघाले होते. कंडक्टरने विचारलं, "लगन हाय काय, बाई?"

"लगन नाई, नोकरी हाय. पोरगी जाऊन राह्यली ना? मंग गाणं काहून नाई?"

गाणं संपेपर्यंत तिने बस हलू दिली नाही.

तांड्यावरच्या बायांनो, तुम्हाला वाटतं मी पुण्यात बोली विसरले. ऐका.

पहिलीत गुरुजींनी विचारलं होतं, काय जेवलीस? मी म्हणाले, बाटी. आपण भाकरीलाच बाटी म्हणतो. "वाटी खाल्ली!" म्हणून वर्ग हसला. पुढे कित्येक महिने मी वर्गात तोंड उघडलं नाही.

पुण्यात माझ्या वर्गातली सपना तशीच गप्प बसायची. बांधकामावरच्या मजुरांची पोर, आपल्याच बोलीतली. गॅदरिंग आलं तेव्हा मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बंजारा डान्स बसवा. आरशांचे ड्रेस भाड्याने आणू. गाणं मात्र सिनेमातलं घ्या, तुमचं कुणाला कळणार?"

"पहिलीत मला तरी काय कळत होतं, मॅडम? तरी तुमच्या कविता पाठ करायलाच लावल्या."

आमचंच गाणं घेऊ द्या म्हणाले, तर त्यांनी आमचं नाव कार्यक्रमातून काढलं. आमचा सराव थांबला नाही. याडीने मोबाइलवर गाऊन मुलींना लेंगी, म्हणजे गोल धरून नाचायचं आमचं होळीचं गाणं, शिकवली. ठेका चुकला की ओरडायची, "कपाशीच्या पऱ्हाटीवानी उभ्या नोका राहू!"

बक्षीस समारंभ संपला, माइक बंद झाला, आणि सपनाने मैदानातच लेंगीचा आवाज लावला, मुलींनी गोल धरला. साइटवरून थेट आलेली तिची आई डोक्यावरचा पदर सावरत गोलात शिरली. मग आणखी बाया शिरल्या. निघालेले पालक फाटकातून परतले.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी बोलावलं. "परवानगी घेतली होती?"

"मागितली होती. तुम्ही दिली नाहीत."

आता शनिवारच्या शेवटच्या तासाला प्रत्येक मूल आपल्या घरच्या बोलीत गोष्ट सांगतं. त्याची परवानगी अजून मिळालेली नाही. परवा सपनाची तक्रार आली, वर्गात फार बोलते म्हणून. मी तिला रागावले नाही, रागावणारही नाही.

घर मागे सुटलं असं आता वाटत नाही. मी बोलते तिथे ते असतं. ज्यांना आमची बोली कळत नाही, त्यांनी शिकावी. आम्ही त्यांची शिकलो.