आधी बोट, मगे पाणी

आमच्या दारात आले की ते आधी कुंडीत बोट घालत. घरात कोण आहे, चहा झाला का, हे सगळं नंतर. दुसऱ्या पेरापर्यंत बोट मातीत, डोळे मिटलेले, आणि मग ठरलेलं वाक्य: "आधी बोट, मगे पाणी."

नायगावच्या चाळीत ते आमच्या समोरच्या खोलीत राहायचे. सगळे त्यांना मामा म्हणत. गिरणीत सूत किती दमट आहे ते बोटाने ओळखायचं, हे त्यांचं काम. गिरणी बंद पडली, बोट राहिलं. तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल, नोकरी सुटली तरी ज्याचा हात सुटत नाही.

काळं झालेलं ते नख बघून मी चहा देताना नाक मुरडायची. हात धुऊन या म्हटलं की म्हणत, "धुतंय गो, मागीर." मागीर म्हणजे नंतर, आणि ते नंतर चहा संपला तरी यायचं नाही.

मी तेव्हा तिशीची, झाडांतलं सगळं कळतं अशा थाटाची. कळत एवढंच होतं की पहाटे नळाला पाणी यायच्या आत कालचं शिळं पाणी पिंपातून काढायचं. ते मोरीत ओतायला जीव होत नसे, मग जायचं कुंडीत. मजल्यावरच्या सगळ्याजणी हेच पुण्य करत.

कुंडीत अनंत होता. आई गेली तेव्हा माहेरच्या अंगणातली फांदी मी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. पुढे ते घर भावांनी विकलं. तिथलं माझ्याकडे एवढंच उरलेलं. त्या अनंताच्या पानांवर तपकिरी डाग पडले. मी पाणी वाढवलं. डाग वाढले. मी आणखी पाणी वाढवलं. हुशार बाई!

मामांनी पान चिमटीत धरून दाखवलं. तहानेलं पान कडेने पापडासारखं करकरीत वाळतं. हे डाग मऊ होते, भोवती पिवळी कड.

"त्याका तहान नाय लागली गो बाय. ता बुडताहा."

आईचं झाड मी बुडवते? मला रागच आला. आठ दिवस पाणी बंद, असं त्यांनी बजावलं. मी मान डोलावली आणि तिसऱ्या दुपारी, ते आडवे झाल्यावर, गुपचूप तांब्याभर घातलं. दोन तांबे असतील. संध्याकाळी त्यांनी बोट घातलं, कुंडी उचलली आणि आपल्या दारात नेली.

त्यांनी कुजकी मुळं कापली, माती बदलली, तिच्यात विटांचा चुरा मिसळला. महिनाभर मी उंबऱ्यातून त्या झाडाकडे बघत होते, सासरी गेलेल्या लेकीकडे बघावं तशी. परत आणलं तेव्हा शेंड्याला एक कोवळं पान होतं, बिनडागाचं. मला रडू फुटलं.

"रडूचा आसात तर लांब बसान रड," मामा म्हणाले. "कुंडयेत पाणी नको."

पुढे टॉवरसाठी चाळ पाडली. नव्या टॉवरची चावी मिळेपर्यंत मामा काही थांबले नाहीत.

आता बाराव्या मजल्यावर नळ दिवसभर वाहतो, आणि हात अजून तांब्याकडे जातो. मग मी तो मागे घेते, मातीत बोट घालते, डोळे मिटते. समोरचं दार कायम बंद असतं. तिथे कोण राहतं, मला ठाऊक नाही.

काल नात ओरडली, आजी, नखं बघ किती काळी, आधी हात धू.

"धुते गो," मी म्हटलं, "मागीर."