घडीत हरवलेली पांदण : बुलढाणा जिल्ह्यातले तीन दिवस

सहलीची आखणी म्हटली की माझ्या अंगात येतं. एक्सेलची शीट, तासातासाचे रकाने, हॉटेल बंद निघालं तर दुसरं कुठलं, सगळं. या दिवाळीनंतर पुण्याहून माहेरी बुलढाण्याला गेले तीसुद्धा तयार शीट घेऊनच. पहिला दिवस देऊळगाव राजा, सिंदखेड राजा आणि लोणारला मुक्काम. दुसरा दिवस लोणारचं सरोवर आणि मेहकर-चिखलीमार्गे परत. तिसरा दिवस आराम. पुण्यातल्या मैत्रिणी शरदात थेट हिमाचल गाठतात आणि मी बुलढाणा म्हटलं की "तिथे काय आहे?" विचारतात. ही पोस्ट त्यांच्यासाठी.

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून शीट वाचली आणि 'आराम' या शब्दावर बोट ठेवलं.

"इथं आराम नाई. इथं धामणगाव बढेकडं जायचं."

"तिकडे काय आहे?" मी अगदी मैत्रिणींच्याच सुरात विचारलं.

"एक पांदण हाये. असली तं."

पांदण म्हणजे शेताशेतांमधून जाणारी गाडीवाट. बाबांनी एकतीस वर्षं नकाशे काढणाऱ्या एका सरकारी कचेरीत नोकरी केली. गावाचा जुना नकाशा जीर्ण झाला की ट्रेसिंग कापडावर त्याची हुबेहूब नवी प्रत काढायची, हे त्यांचं काम. शेकडो गावं त्यांच्या टाकाखालून गेली, पण प्रत्यक्ष पाहिलेली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांनी मला खरी गोष्ट लोणारच्या काठावर सांगितली, पण मला काही राखून ठेवता येत नाही, तुम्हाला आत्ताच सांगते. धामणगाव बढेच्या पुढच्या एका लहान गावाचा नकाशा उतरवताना त्यांच्या हातून ही पांदण राहिली. जुन्या नकाशाची घडी नेमकी पांदण दाखवणाऱ्या दुहेरी तुटक रेघांवरून गेली होती. रेघा झिजल्या होत्या. बाबांना वाटलं, या रेघा नाहीतच, कापड घडीवर विरलंय. काही महिन्यांनी त्याहून जुनी एक प्रत सापडली आणि त्यांना चूक कळली, तोवर नवा नकाशा वापरात गेला होता. बढतीची यादी निघायची होती. ते बोलले नाहीत.

नकाशात पांदण नाही म्हणजे कुणीही ती नांगरून आपल्या वावरात घेऊ शकतो, आणि मागच्या दहा-बारा घरांच्या बैलगाड्या अडतात. तसं झालं की नाही, हे बाबांना वीसएक वर्षं माहीत नव्हतं. विचारायची हिंमत झाली नव्हती. यंदा मोतीबिंदूचं दुसरं ऑपरेशन झालं आणि त्यांनी ठरवलं, आता डोळे आहेत तर बघून यायचं.

पहिला दिवस

सकाळी सातला निघालो. आईचे गुडघे दुखतात म्हणून ती घरीच थांबली. तिने भाकरी, झुणका आणि ठेचा बांधून दिला आणि "नकाशावरून भांडू नका दोघं" अशी ताकीदही. चिखलीपर्यंत रस्ता छान, पुढे मधूनमधून खड्डे. सोयाबीन निघालेलं होतं, ताडपत्रीखाली गंज्या उभ्या होत्या आणि तुरीला पिवळा फुलोरा आला होता. बऱ्याच ठिकाणी अर्ध्या रस्त्यावर धान्य वाळत घातलेलं असतं. हॉर्न वाजवू नका, हळू काढा. लोक हात वर करून आभार मानतात.

फोनमधली बाई उजवीकडे वळा म्हणायच्या आत बाबा बोलायचे. "आता डाव्या हाताले नाला येईन." नाला यायचा. "मंग टेकडी, अन् टेकडीमागं तलाव." टेकडी यायची, तिच्यामागे तलाव! या रस्त्याने ते आयुष्यात आले नव्हते. सुरुवातीला मी हसत होते. पाचव्या-सहाव्या वेळी माझ्या अंगावर काटा आला. एका माणसाने अख्खा मुलूख कपाटातल्या नकाशांवरून पाठ केला होता.

देऊळगाव राजाला बालाजीचं दर्शन घेतलं. दसऱ्याची यात्रा होऊन गेलेली, त्यामुळे गर्दी नाही. बाहेरच्या गाडीवर आलूबोंडा खाल्ला, वीस रुपयांत पोट भरतं. सिंदखेड राजाला जन्मस्थान बघून मोती तलावावर गेलो. बाबा दगडी बांधावर उन्हात अर्धा तास उभे. बांधाचा बाक बोटाने हवेत पुन्हा पुन्हा काढत होते. माझ्या शीटप्रमाणे आम्ही चाळीस मिनिटं मागे होतो आणि मी ते त्यांना तीन वेळा सांगितलं. आता लाज वाटते.

लोणारला पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. गाडी लावली, दहा पावलं चाललो आणि जमीन संपली. फोटो मी हजार पाहिले होते, पण फोटोत ती खोली येत नाही. एवढा मोठा वाटोळा खळगा, आतल्या उतारांवर दाट झाडी, तळाशी हिरवट पाणी, आणि माझ्या पायांच्या खाली उडणारे पोपट. आकाशातून एक दगड आला आणि हे झालं, एवढंच शाळेत शिकले होते. त्या काठावर मी अगदी एवढीशी झाले.

बाबा म्हणाले, "मी हे काढलं हाये. कंपास ठेवला, फिरवला, झालं. पुढचं गाव घेतलं." "एवढं मोठं असीन, असं मनातच नाई आलं कधी. मंग ते पांदण तं केवढी असीन?" आणि तिथे कठड्याला टेकून त्यांनी मला सगळं सांगितलं. मी चिडले. वीस वर्षं? कुणाला तरी सांगायचं ना! ते म्हणाले, "भेलो मी." माझ्या बाबांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

दुसरा दिवस

लोणारला साध्या लॉजमध्ये दोन खोल्या मिळून अठराशे पडले, गरम पाणी बादलीने. काठावर एका झऱ्याची धार पडते, सकाळी त्या धारेच्या बाजूने खाली उतरा. सोबत पाणी घ्या, खाली दुकान नाही. गुडघे धड असतील तर अर्ध्या तासात तळाशी पोचता. जंगलात मोर ओरडत होते, झाडांमध्ये पडझड झालेली देवळं एकामागून एक लागत होती. पाण्याजवळ गेलं की उग्र वास येतो, त्याला घाबरू नका. बाबा दर पन्नास पावलांवर थांबून वर काठाकडे पाहत होते. "एका रेघेत एवढं सगळं मावते!" असं स्वतःशीच म्हणाले.

परतीला मेहकर-चिखली रस्त्यावर कापसाने भरलेले ट्रॅक्टर. गाडीत राग माझा होता आणि धास्ती त्यांची.

तिसरा दिवस

बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मोताळ्याला जायचं. हा घाट सकाळीच करा. गवत वाळून सोन्यासारखं झालेलं असतं आणि वळणावळणाला खालचं मैदान दूरवर उलगडत जातं. एरवी मी दर वळणावर फोटोसाठी थांबले असते. बाबांनी सीटबेल्ट दोन्ही हातांनी धरला होता. धामणगाव बढेला चहा घेतला आणि पुढे निघालो. गावाचं नाव लिहीत नाही, ती बाबांची अट आहे.

डांबर संपलं तिथे गाडी लावली. एका कडुनिंबाखाली साठीचे एक गृहस्थ कापसाची गाठोडी बांधत होते. पुढे त्यांचं नाव कळलं, भास्करभाऊ. बाबा मागेच थांबले म्हणून मीच विचारलं, "भाऊ, इथून पूर्वी एक पांदण जायची ना?"

"पूर्वी काऊन? हाये ना." त्यांनी निंबापलीकडे हात केला. दोन्हीकडे फुटलेला पांढरा कापूस आणि मधून, एक बैलगाडी आरामात जाईल एवढी, तांबडी वाट.

बाबा मटकन बांधावर बसले. मला वाटलं, चला, सुटलो. पण भास्करभाऊ गप्पांच्या लहरीत होते.

"मधात दोन वर्सं नव्हती मात्र. म्याच नांगरली होती."

"काऊन?" बाबांनी विचारलं.

"नकाशात नव्हती ना! मी नक्कल काहाडून आणली, पाह्यलं तं पांदण गायब. म्हणलं, मंग हे वावर माहंच. उन्हाळ्यात नांगर घातला, पावसाळ्यात कपाशी लावली. गाड्या बंद झाल्या. पण निंदाईले बाया निघाल्या ना, त्या तशाच माह्या वावरातून गेल्या. एकामागं एक. भांडण नाई, शिवी नाई. रोज जाऊन राह्यल्या, रोज येऊन राह्यल्या. अन् सगळ्याइच्या पुढं कोण? माही माय!"

"तुमची आई?"

"हाव! मी म्हणलं, काऊन व माय, पोराचं पीक तुडवतं? तं म्हणे, मले दुसरी वाट माईतच नाई." ते हसले. "जिथून त्या चालल्या तिथं कपाशी उगवलीच नाई. नांगरलं तरी महिन्याभरात वाट तयार. पहिल्या वेचणीले सीतादही असते न आमच्यात, वावरात दहीभाताचा निवद. तो बी तिथूनच गेला. पण गाड्या नाई म्हणून दोन वर्सं कापूस बायाइनं डोक्यावर वाहला, पार इथपर्यंत. तिसऱ्या वर्षी मले माहीच शरम वाटली. सोडून देली."

बाबा उठून उभे राहिले. शाळेत चूक कबूल करायला मूल उभं राहतं तसे. "भाऊ, ते रेघ माह्या हातून राह्यली होती. तो नकाशा मी काहाडला. रेघ घडीवर होती, मले वाटलं कापड विरलं. मंग समजलं, तरी सांगतलं नाई."

भास्करभाऊंचं हसू गेलं. ते हातातली गाठ सोडून पुन्हा बांधू लागले. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"दोन वर्सं बायाइच्या डोक्यावर गाठोडे होते, साहेब."

"हाव."

"माह्या मायची मान तवापासून दुखते."

"हाव," बाबा पुन्हा म्हणाले.

भास्करभाऊंनी गाठ आवळली. "रेघ तुमची राह्यली. पण नांगर तं म्या धरला होता. रेघेनं थोडीच सांगतलं मले, की धर म्हणून?" त्यांनी गाठोडं खांद्यावर टाकलं. "चला. एवढ्या दुरून आले तं चालून पाहा."

आम्ही चाललो. बाबा पावलं मोजत होते. वाट निंबाला वळसा घालून नाल्यात उतरते, नाला ओलांडून पलीकडच्या वावरांना जाते. चाकोऱ्यांमध्ये बैलगाड्यांच्या ताज्या खुणा होत्या आणि बाजूच्या मातीत पावलांचे ठसे, कितीतरी, एकावर एक. लोणारच्या काठावर जे मला झालं होतं, तेच इथे पुन्हा झालं. तिथे आकाशातून पडलेल्या दगडाने केलं होतं आणि इथे निंदायला जाणाऱ्या बायकांनी. मला दोन्ही सारखंच मोठं वाटलं.

पांदणीच्या टोकाला एक म्हातारी कापसातला पाला निवडत बसली होती. मान एका बाजूला किंचित कललेली. भास्करभाऊंनी तिला सगळं सांगितलं. बाबा हात जोडून उभे, डोळे वाहत होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

म्हातारीने त्यांना नीट न्याहाळलं. "पांदण पाह्याले आले? इतक्या दुरून?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुहा बाप उन्हात उभा हाये, पोरी. बसव त्याले. दहीभात हाये, खाऊन घ्या."

आम्ही खाल्ला. तीन दिवसांत खाल्लेल्या सगळ्यात तो दहीभात चांगला होता, आणि माझ्या शीटमध्ये त्यासाठी रकानाच नव्हता. जेवण झाल्यावर बाबांनी डायरीतलं पान फाडून नकाशा दुरुस्तीचा अर्ज लिहिला, चूक आपली आहे हे स्वतःच्या नावानिशी. खाली पहिली सही भास्करभाऊंची आहे. त्यावर कधी काय होईल ते होवो, अर्ज दिला आहे.

घरी

तुम्हाला जायचं असेल तर नोव्हेंबर उत्तम. तीन दिवस, एक गाडी, पेट्रोल साधारण अडीच हजारांचं. लोणारला एक संध्याकाळ आणि एक सकाळ दोन्ही द्या. शीट करा, पण तिसरा दिवस मोकळा ठेवा.

पुण्याला निघायच्या आदल्या दुपारी बाबांनी ट्रंकेतून त्या गावच्या नकाशाची कच्ची प्रत काढली. ती इतकी वर्षं त्यांनी जपून ठेवली होती, हे आईलाही माहीत नव्हतं. त्यांनी ती टेबलावर पसरली, टाक शाईत बुडवला. मनगट पट्टीवर टेकवलं.

"वळण निंबाच्या अलीकडं होतं का पलीकडं?"

"पलीकडं," मी म्हणाले. "मग नाल्यात उतरतं."

दुहेरी तुटक रेघ. एक एक तुकडा, मध्ये सारखी जागा सोडून, जुनी घडी जिथून गेली होती तिथूनच. त्यांना पाऊण तास लागला. शाई वाळेपर्यंत ते त्यावर वाकून फुंकर मारत राहिले. लहानपणी मी काही लिहिलं की तपासायला बाबांकडे न्यायचे. त्या दुपारी त्यांनी तो कागद माझ्याकडे सरकवला.

"पाह्य बरं, बरोबर हाये का," ते म्हणाले. "तू त्या वाटेनं चालून आली हायेस."