रंगाऱ्याला काढा का लागू पडेना

चष्मेवाले काका दुकान लवकर बंद करून घरी येऊ लागले, तेव्हा कुठे त्यांना कळलं की संध्याकाळी आपल्या घरात परक्यांचाच राबता जास्त असतो. इतकी वर्षं ते अंधार पडल्यावर यायचे, हातपाय धुऊन खुर्चीत बसायचे आणि काकू गरम काढ्याचा पेला आणून हातात द्यायच्या. तो पेला कुठून येतो याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. नळाला पाणी येतं तसा तो यायचा.

लवकर येण्याचं कारण त्यांनी ‘हल्ली गिऱ्हाईक नसतं’ असं ठोकून दिलं होतं. खरं म्हणजे दिवे लागले की त्यांच्या डोळ्यांपुढे धुकं दाटायचं. दिवसासुद्धा बारीक काही दिसेनासं झालं होतं. चष्मेवाल्यालाच दिसत नाही म्हटल्यावर दुकानाची पायरी कोण चढणार? आणि दुकान गेलं तर हा माणूस दिवसभर करणार काय? दुसरं काही त्यांना येतच नव्हतं. म्हणून त्यांनी तोंडाला कुलूप लावलं होतं, बायकोसमोरसुद्धा. स्वभाव तसा चांगला होता हो त्यांचा, पण अडचणीत आले की मुकाट बसायचे.

तर आता ते पुढच्या खोलीत बसून स्वयंपाकघराकडे कान लावू लागले. एकदा लागलेले कान काही सुटेनात.

काकू पूर्वी एका शाळेच्या खानावळीत होत्या. परीक्षेच्या दिवशी पोट दुखतं म्हणून मुलं रडत यायची, तेव्हा या त्यांना ओट्याशी बसवून पुदिन्याची पानं खुडायला लावायच्या. निम्म्यांची पोटदुखी पाणी उकळायच्या आतच थांबायची. खानावळ सुटली, सवय राहिली. आता इमारतीतले मोठे लोक यायचे. कुणाला झोप नसायची, कुणाचं सासूशी वाजलेलं असायचं, कुणाचा नुसताच घसा बसलेला असायचा. काकूंचे नियम सगळ्यांना सारखे. आधी लिंबाची साल टाकलेल्या कोमट पाण्यात हात धुवायचे. मग स्टुलावर बसून जुडीतली पानं खुडायची. पाणी उकळेपर्यंत आपलं रडगाणं सुरू करायचं नाही. पेला दोन्ही हातांत धरायचा, पहिला घोट फक्त वाफेचा घ्यायचा. माणूस गेला की काकू खिडकी सताड उघडायच्या.

काकांना हे सगळं भलतंच गूढ वाटायला लागलं. माणूस आत जाताना खांदे पाडून जातो आणि बाहेर येताना चप्पल नीट पायात घालून येतो, हे त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिलं.

“यात घालतेस तरी काय तू?” त्यांनी एकदा विचारलंच.

“घरात असेल ते. आलं, बडीशेप, दालचिनी. कधी नुसताच पुदिना.”

“आणि मग खिडकी कशाला उघडतेस?”

“वाफ कोंडते म्हणून.”

“चमचा एकाच बाजूने का फिरवतेस?”

“सांडतं म्हणून. अहो, तुम्हाला आजच कसं सुचतंय हे सगळं?”

काकांचा काही विश्वास बसला नाही. बायको बाजारात गेल्याचं पाहून त्यांनी स्वतः प्रयोग केला. आलं घातलं, बडीशेप घातली, दालचिनी घातली, चमचा एकाच बाजूने फिरवला, पेला दोन्ही हातांत धरून वाफही हुंगली. प्यायले तर गवत उकळून गाळल्यासारखं. पातेलं घासून जागच्या जागी ठेवलं आणि काही घडलंच नाही असा चेहरा करून बसले. काकूंनी घरात पाऊल टाकताच विचारलं, “दालचिनी कुणी जाळली?”

अशात एक दिवस रंगारी आला. घरं रंगवायचं काम करणारा, शिडीवर आयुष्य काढलेला, गडगडाटी हसणारा माणूस. त्या दिवशी मात्र तो दाराची चौकट धरून आत आला. पुढच्या खोलीत काकांना सगळं ऐकू येत होतं.

“काकू, डोकं गरगरतंय. पायरी चुकते माझी. काल शिडीच्या दुसऱ्याच पायरीवर पाय हुकला, बादलीभर रंग खाली.”

“कधीपासून?”

“झाले असतील आठ दिवस.”

“चष्मा नवा दिसतोय. त्यामुळे तर नसेल?”

“छे हो! काकांनी स्वतः बसून केलाय तो.”

काकांना तो चष्मा आठवला. काही काचा फ्रेममध्ये कशाही बसवून चालत नाहीत, त्यांना आडवं-उभं असतं. यंत्र काचेवर शाईचे तीन ठिपके उमटवतं, ते एका रेषेत धरून काच बसवायची. रेष कलली की घालणाऱ्याला जमीन कलते, पायरी वर-खाली होते. त्या दिवशी काकांना तीनपैकी मधला ठिपका दिसला होता. बाजूचे दोन त्यांनी अंदाजाने धरले. इतक्या वर्षांचा हात आहे, चुकणार नाही, असं स्वतःला सांगून टाकलं होतं.

त्यांनी तेव्हाच उठून आत जायला हवं होतं. ते उठले नाहीत. उद्या त्याला दुकानात बोलावून गुपचूप काच बदलू, असं त्यांनी ठरवलं, आणि मग लक्षात आलं की बदलणार कशी? ठिपके उद्याही दिसणार नव्हते.

रंगारी पुन्हा आला. काढा प्यायला की बसल्या जागी बरं वाटतं, उठलं की पुन्हा तेच, असं म्हणाला. काकूंनी आलं वाढवलं, बडीशेप बदलली. तो गेल्यावर कितीतरी वेळ त्या पेला हातात घेऊन उभ्या होत्या. जेवताना एकदम म्हणाल्या, “माझा हात गेला वाटतं आता. कुणाला गुण येईना तर कशाला हा पसारा? बंद करते हे सगळं.”

“एकाला नाही आला म्हणून काय झालं?” काका ताटाकडे बघत म्हणाले.

“एकाला म्हणजे? पडला तर तो माझ्याच भरवशावर पडेल ना?”

काकांनी हातातला घास ताटात परत ठेवला. आपण लपवलं म्हणून ही स्वतःला दोष देत होती. तरीही ते बोलले नाहीत. भित्रेपणाला दुसरं नाव नसतं.

तिसऱ्या खेपेला रंगारी आला तो जरा खुशीत होता. मोठं काम मिळालं होतं. उद्यापासून चार मजली इमारत बाहेरून रंगवायची.

“काकू, आज जालीम काहीतरी द्या. दोरांना टांगलेल्या त्या पाळण्यावरून खाली बघताना गरगरलं तर संपलोच.” आणि तो हसला.

पुढच्या खोलीतली खुर्ची करकरली. काका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. काकूंनी मान वर न करता दुसरं स्टूल पुढे ओढलं आणि जुडीतला अर्धा पुदिना त्यांच्यासमोर टाकला. आत आलेल्याने पानं खुडायची, हा नियम नवऱ्यालाही होता. तो लागू करायची वेळच कधी आली नव्हती.

काका खुडू लागले. पाणी तापत होतं. बोलायचं नव्हतं, त्यामुळे बोटांवाचून दुसरीकडे कुठे लक्ष देता येईना. आणि तोंडात दाबून धरलेलं वाक्य वर वर येऊ लागलं. अच्छा, असं होतं होय इथे! एवढ्या गडबडीतही त्यांना नवल वाटून गेलं.

“अहो, हे काय?” काकूंनी त्यांच्यापुढच्या ढिगात बोट घातलं. “सडकी, काळी सगळीच घेतलीत. दिसत नाही का तुम्हाला?”

“नाही,” काका म्हणाले.

पाणी अजून उकळलं नव्हतं. नियम मोडून ते बोलत सुटले. “दिसत नाही मला. काही महिने झाले. अरे, तो चष्मा काढ आधी. काच वाकडी बसलीये. ठिपके दिसले नाहीत, मी अंदाजाने बसवली. तुझं डोकं ठीक आहे. हिचा काढाही ठीक आहे.”

रंगाऱ्याने चष्मा काढला, घडी घालून ओट्यावर ठेवला. त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

“काका, मी उद्या वर चढणार होतो,” तो हळूच म्हणाला. मग चष्म्याकडे बघून, “आणखी कुणाकुणाचे केलेत असे?”

याचं उत्तर काकांकडे होतं. ते त्यांनी दिलं. नर्सबाईंचा, बसवाल्याचा, वरच्या मजल्यावरच्या मास्तरांचा. एकेक नाव घेताना त्यांचा आवाज खाली खाली जात होता.

काकू एकदम वळल्या. “आणि तुम्ही बाहेर बसून ऐकत होतात? मी आलं वाढवत होते, रात्र रात्र विचार करत होते, माझं काय चुकलं म्हणून. आणि तुम्ही खुर्चीत बसून ऐकत होतात?”

“हो.”

“लोकांना दर वर्षी डोळे तपासायला सांगता. स्वतः दाखवलेत?”

“नाही. भीती वाटली. दुकान गेलं तर मी काय करू?”

पाणी उकळून पातेल्याबाहेर सांडलं तरी काकूंनी गॅस बारीक केला नाही. शेवटी रंगाऱ्यानेच हात पुढे करून केला. काकूंनी दोन पेले भरले. एक त्याला दिला, दुसरा स्वतः दोन्ही हातांत धरून स्टुलावर बसल्या. काकांना पेला मिळाला नाही. लग्नानंतर असं पहिल्यांदाच झालं. त्यांनी मागितलाही नाही. ढिगातली काळी पानं बोटांनी चाचपून बाजूला काढत ते बसून राहिले.

अर्धा पेला संपल्यावर काकूंनी डोळे पुसले आणि ओट्यावरचा चष्मा उचलून दिव्यासमोर धरला. उलटा केला, सुलटा केला.

“ते ठिपके कुठे उमटतात?” त्यांनी विचारलं.

“यंत्रात काच ठेवली की तिच्यावर,” काका म्हणाले. “एका ओळीत तीन.”

“मला दिसतील?”

“तुला दिसतील.”

“मग उद्या सकाळी आधी डॉक्टर, आणि तिथून दुकान. मी बघते, तुम्ही सांगा. याची काच सगळ्यात आधी.” त्या रंगाऱ्याकडे वळल्या. “तोवर तू शिडीला हात लावायचा नाहीस.”