कागदापुरती घरची

"कोण म्हणलं तुला घरची? ते कागदापुरतं होतं. चल, गेट लाव."

बाई गुलाबाच्या कुंड्यांना पाइपनं पाणी घालत होती. गेटच्या बाहेर माझी सासू, गयाबाई, कमरेवर घागर घेऊन उभी. तिच्यामागं मी. सासू हसली. तिला वाटलं, बाई चेष्टा करायलीय.

"असं काय बाईसाब, तुमीच तर मोजणीच्या सायबापुढं म्हणला होता."

बाईनं पाइप आमच्याकडं वळवला. गजांतून धार आली आणि सासूच्या पायावर पडली.

"पाणी पाहिजे ना? घे."

आणि सासू वाकली. खरंच वाकली. तिनं घागर खाली टेकवली, आडवी धरली आणि धार आत घ्यायला लागली. बाईनं तोटी बंद केली. घागरीत चुळीपुरतं पाणी. बाकीचं मातीत. सासू वाकलेलीच राहिली, अजून थोडं येईल म्हणून.

ती वाकलेली पाठ मी रोज बघते. तिला जाऊन बरीच वर्षं झाली.

हे कसं घडलं ते सांगते. तेव्हा मी विशीतली, लग्नाला दोन वर्षं झालेली. माझं माहेर पालमकडचं. इथं शहरात आले ती थेट सासूच्या हाताखाली, वरच्या कॉलनीतल्या त्या घरी भांडी घासायला. नवरा आणि सासरा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करायचे. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. मग नवी योजना येणार असं ऐकलं. रजिस्टर घेतलेली माणसं घरोघर फिरायला लागली. घरात माणसं किती, पाणी किती लागतं. त्या आकड्यांवर कुठं किती जाड पाइप टाकायचा, टाकी कुठं बांधायची, कुणाला किती वेळ पाणी सोडायचं, हे ठरणार होतं.

त्या सकाळी बाईनं आम्हाला मागच्या मोरीवरून दिवाणखान्यात बोलावलं. हात पुसायला सांगितले. खुर्चीवर बसवलं. रजिस्टरवाल्याला म्हणाली, "ह्या आमच्या घरच्याच." बाई, साहेब, दोन मुलं. त्यांच्याखाली गयाबाई, मी, माझा नवरा, माझा सासरा. नात्याच्या रकान्यात 'नातेवाईक'. चार माणसांच्या घरात आठ झाली. त्या माणसानं आमच्या ओल्या साड्यांकडं बघितलं आणि लिहिलं. त्याच्याबरोबर आम्हालाही चहा मिळाला, कपबशीत. तो गेल्यावर बाई म्हणाली, "कप वेगळे ठेव धुऊन."

घरी जाताना सासू रस्ताभर बोलत होती. "बाईसाबानं घरचं म्हणलं गं मला. इतकी वर्षं राबले, तिला जाण हाय." गल्लीत शिरल्यावर पहिल्या दारापासून शेवटच्या दारापर्यंत तिनं हे सांगितलं.

मी दहावी झालेली. मला कळलं होतं. माणूस एकदाच मोजतात. तिकडं मोजलं तर इकडं उरत नाही. मी गप्प राहिले. एक तर ती फार खूश होती. आणि दुसरं म्हणजे मी मनात हिशेब केला. घरची म्हणून नाव लागलंय, तर उन्हाळ्यात चार घागरी तरी मिळतील. आयुष्यातला माझा पहिला सौदा. तो मी मनातल्या मनात केला आणि त्यात बुडाले.

काही दिवसांनी तीच माणसं आमच्या गल्लीत आली. सासू पुढं झाली. पदर डोक्यावर घेऊन, हात जोडून.

"सायब, आमचं नाव तिकडं बाईसाबाच्या घरी घेतलंय. दोनदा कशाला लिहिता? खोटं व्हईल."

इमानदारी. तिची इमानदारी. तिच्यामागून दुसरी म्हणाली, "आमचंबी तिकडंच घेतलंय." तिसरी म्हणाली. चौथी. अर्धी गल्ली त्या कॉलनीत कामाला. त्या आठवड्यात अर्धी गल्ली कुणाकुणाच्या घरची झाली होती. रजिस्टरवाला खूश. त्याचं काम वाचलं. तो पानं उलटत पुढं गेला.

मी दारात उभी होते. बोलता आलं असतं. बोलले नाही.

कॉलनीला जाड पाइप आला, वेगळी टाकी आली. आमच्या गल्लीला कोपऱ्यावर एक नळ. पुढं तोही बंद केला. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "तिथं मागणी नाही." मागणी नाही! हंडे घेऊन अर्धा दिवस फिरणाऱ्या बायांची गल्ली, आणि मागणी नाही. त्याच उन्हाळ्यात सासू घरची म्हणून त्या गेटवर गेली.

दुसऱ्या दिवशी ती परत कामाला निघाली. चपला घालत होती. मी दारात आडवी झाले.

"जायचं न्हाई. तुमीबी न्हाई, मीबी न्हाई."

"मग खायाचं काय?"

"बघू. पण तिथं न्हाई."

ती बसली. बराच वेळ नखानं जमीन उकरत राहिली. मग विचारलं, "कागदापुरतं म्हंजी कसं गं, पोरी?"

माझं डोकं तापलेलं. मी म्हटलं, "येड्यात काढलं तुमाला आत्याबाई, दुसरं काय!"

हे मी बोलायला नको होतं. त्या दिवसापासून तिनं गल्लीत कुणाच्या दारात बसणं सोडलं. मोंढ्याच्या बोअरवरून पाणी वाहायची. सकाळी, दुपारी. कुणाशी न बोलता. तशीच खंगली, तशीच गेली. शेवटच्या आजारात पाणी पाजलं की अर्धा पेला ठेवून द्यायची. "राहू दे, लागंल."

मी ड्रम विकायला लागले. सेलूहून जुने निळे ड्रम आणायचे, सोडा टाकून घासायचे, उन्हात पालथे घालायचे, विकायचे. पाणी जितक्या उशिरानं येतं, तितके ड्रम जास्त जातात. मला हे माहीत आहे. माझं दुकान, त्यावरचं घर, सगळं तहानेवर उभं आहे. लाज वाटते, पण लपवत नाही. भावात मला कुणी हरवत नाही. मोठमोठे व्यापारी माझ्यासमोर हात टेकतात.

ड्रमाचा आकार ठरवायला मी प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच गोष्ट विचारते. "घरात माणसं किती?" माझ्यापुढं कुणी खोटं बोलत नाही. अंथरुणावरची म्हातारी मोजतात, पाळण्यातलं लेकरू मोजतात. समोरचा बोटं मोजायला लागला की माझ्या पाठीमागं कुणीतरी ओल्या पायांनी येऊन उभं राहतं. आमचं नाव तिकडं घेतलंय, सायब. मी वळून बघत नाही. पण चालू सौद्यात माझी जीभ अडकते. गिऱ्हाईक म्हणतं, "काय झालं ओ ताई?" काही नाही.

यंदा पुन्हा नवी योजना आली. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात आराखडा लावला, लोकांच्या हरकती मागवल्या. मी गेले. एका तरुण इंजिनिअरनं संगणकावर आमचा भाग काढून दाखवला. मोठ्या अदबीनं समजावलं, "ताई, जुनी मोजणी धरलीय आणि तिच्यावर लोकसंख्येची वाढ. म्हणजे पुढच्या तीस वर्षांची मागणी निघते."

"जुनी मोजणी दाखवा."

त्यानं पान काढलं. कॉलनी. तो बंगला. बाई, साहेब, दोन मुलं. गयाबाई, नातेवाईक.

जिवंत.

मी दारात आडवी झाले, आम्ही काम सोडलं, ती मोंढ्यावरून घागरी वाहत मेली, आणि कागदावर ती त्याच बंगल्यात राहत होती. तिथंच आंघोळ करत होती. तिथंच पाणी पीत होती. तिच्या वाट्याचं पाणी रोज त्या घरी उतरत होतं, कुंड्यांना जात होतं. वर तिच्या नावावर वाढही धरली होती. मेलेल्या बाईची तहान पुढच्या तीस वर्षांसाठी वाढवून ठेवली होती, आणि तीही त्यांच्याच नळाला.

मी ओरडले. "ही मेलीय! माझी सासू हाय ही. हिचं पाणी कुठं जायलंय?"

सगळ्या टेबलांवरच्या माना वळल्या. इंजिनिअर म्हणाला, "ताई, आवाज कमी करा." मी केला नाही. मग मोठ्या साहेबानं आत बोलावलं. बसा म्हणाला. चहा मागवला.

"तुमचं दुकान मेन रोडला हाय ना? जाड पाइपचं कनेक्शन देऊ तुमाला. हरकत कामून ताणता? अन ताई, नळाला रोज पाणी आलं तर तुमचे ड्रम कोण घेईल?"

हसला. खरंच बोलला होता. सौदा चांगला होता. दुसऱ्या कुठल्या मालाचा असता तर मी थोडं ताणून हो म्हटलं असतं. चहाला मी हात लावला नाही.

"फेरमोजणीची तारीख लिहून द्या. शिक्का मारून."

"बघू."

"बघू न्हाई. लिहा."

मी उठलेच नाही. ऑफिस बंद करायला शिपाई आला तेव्हा साहेबानं लिहिलं. कागद देताना म्हणाला, "मोजणी दिवसा असते. कुलूप दिसलं की पोरं पुढं जातात. मग मला दोष देऊ नका." तो मला घाबरवत होता. पण त्यानं कामाची गोष्ट सांगितली. दिवसा आमच्या गल्लीत कुलपंच असतात. बाया सगळ्या वरच्या कॉलनीत.

आता मी दारोदार फिरतेय. त्या दिवशी कुणी कामाला जायचं नाही. शेजारची शांताबाई म्हणाली, "माझी बाई लय चांगली हाय गं. तिला वाईट वाटंल."

"चांगली हाय ना? मग एक दिवस भांडी घासंल."

बाया हसल्या. शांताबाई हसली नाही. "अन काम सुटलं तर?"

मी तिला खोटा धीर दिला नाही. सुटेल. एखादीचं सुटेलच. काम सुटलेल्या बाईला मी ड्रम घासायला घेईन, जितक्या घेता येतील तितक्या. सगळ्यांना घेता येणार नाही, हेही सांगितलं. शांताबाई उठून गेली. उद्या मी परत तिच्या दारात जाणार. परवाही जाणार.

मोजणीच्या दिवशी गल्लीतलं एकही कुलूप लागलेलं नसेल. मोजणाऱ्या पोरांबरोबर मी पहिल्या दारापासून चालेन आणि प्रत्येक नाव लिहिलेलं माझ्या डोळ्यांनी वाचेन. जिथं आमची चूल, तिथंच आमचं डोकं मोजायचं. चुकीचं लिहिलं तर पान फाडायला लावीन. कमी मोजलं तर परत बोलावीन, आणि परत. त्या बंगल्याच्या पानावरून आमची चारही नावं खोडल्याशिवाय हरकत मागं घेणार नाही. रोज पाणी आलं आणि माझं दुकान बसलं, तर बसू दे.

यात घासाघीस नाही.