स्केल म्हणजे फूटपट्टी

आमचा गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मागच्या गॅलरीत लावलेला आहे. नळ सोडला की तो आधी टकटक करतो आणि मग पेटतो. गेल्या दिवाळीनंतर त्याची टकटक वाढली आणि गरम पाण्याची धार बारीक होत गेली. एक बादली भरेपर्यंत पप्पांचा पेपर वाचून व्हायचा.

घरात आंघोळीचा क्रम ठरलेला आहे. आधी पप्पा, मग आमच्यासोबत राहणारे काका, मग दादा, मग मी आणि सगळ्यात शेवटी आई. हा क्रम कुणी लावला ते मला माहीत नाही. आईच्या बोटांचे सांधे सुजतात. थंड पाण्यात हात घालायचा नाही, असं डॉक्टरांनी तिला सांगितलेलं होतं, आम्हा सगळ्यांच्या समोर.

गिझरबद्दल प्रत्येकाचं मत होतं. पप्पांच्या मते गिझर पेटवणारे सेल उतरले होते, म्हणून सेल दोनदा बदलले. काकांच्या मते टाकी पुरेशी उंच नव्हती. दादा म्हणायचा, नवीनच घ्या. मला कुणी विचारलं नाही. कॉलेज संपवून जालन्याला परत येऊन मला सहा महिने झाले होते, आणि घरात मी विचारल्याशिवाय बोलत नसे.

पण मी बघत होते. त्याच बाथरूममधला थंड पाण्याचा नळ जोरात वाहायचा. टाकी एकच, मजला एकच. म्हणजे दोष टाकीचा नव्हता. गरम नळाच्या तोंडाची जाळी काढून पाहिली, ती स्वच्छ होती. म्हणजे पाणी गिझरमध्येच अडत होतं. मग मी कपाटातून गिझरची पुस्तिका शोधली. ती पूर्ण इंग्रजीत, म्हणून घरात कुणी उघडलीच नव्हती. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की पाणी जड असेल तर आत स्केलचा थर जमतो आणि पाणी जिथून गिझरमध्ये शिरतं तिथला स्ट्रेनर, म्हणजे आतली गाळणी, काढून धुवावा लागतो.

बोलायच्या आधी मी वाक्य मनात जुळवून घेते. शाळेत मराठी बोललं की उभं करायचे, घरी इंग्रजी शब्द आला की हसायचे, त्यामुळे ही सवय लागली आहे. त्या दिवशी जेवताना मी जुळवलेलं वाक्य म्हटलं, "गिझरमध्ये स्केल जमलीय. आतली गाळणी काढून धुवावी लागेल."

काकांनी घास खाली ठेवला. "स्केल? गिझरात फूटपट्टी कुणी घातली?"

"गाळणी हाय तर चहा बी निघंल मंग त्याच्यातून," दादा म्हणाला.

पप्पाही हसले. ते मला चाललं असतं. पण आई तव्यावर भाकरी उलटत होती, पाठमोरी, आणि तिचे खांदे हलताना मला दिसले. तीसुद्धा हसत होती.

पुढचे कितीतरी दिवस माझं नाव फूटपट्टी होतं. फूटपट्टी, पाणी आण. फूटपट्टी, दार लाव.

बोअरच्या पाण्याचा पांढरा थर आमच्या बादल्यांवर असतो, कुकरमध्ये असतो, नळाच्या तोंडाशी असतो. आई रोज तो घासते आणि रोज म्हणते, खार बसलाय. तो शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पण गिझरमधली ही गोष्ट मला पुस्तिकेत भेटली होती, म्हणून तिचं नाव माझ्यासाठी स्केल होतं. मी खार म्हणाले असते तर कुणी हसलं नसतं.

मी पुस्तिका परत कपाटात ठेवून दिली. एकदा पक्कड घेऊन गॅलरीत गेलेही. खालचा व्हॉल्व्ह बंद करायचा, एक नट फिरवायचा, एवढंच काम होतं. पक्कड हातात धरून थोडा वेळ उभी राहिले आणि परत आले. करू देत बारीक धारेत आंघोळ, असं मला वाटलं होतं. हे मी नाकारत नाही.

जानेवारीत एका सकाळी मी वाळत घातलेला टॉवेल आणायला गॅलरीत गेले. आत आई आंघोळीला होती. गिझर गप्प होता, आणि बादलीत पाणी पडल्याचा आवाज मोठा होता. भरभरून धार. आमच्याकडे तेव्हा तशी धार फक्त थंड नळाला होती.

आई बाहेर आली. तिने ब्लाउजचे हुक लावायचा प्रयत्न केला, मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "एवढं लावून दे."

हुक लावता लावता मी थंड पाण्याबद्दल विचारलं. ती सहज बोलल्यासारखी बोलली. सगळ्यांच्या आंघोळी होईपर्यंत टाकीतलं पाणी खाली जातं, धार अजून बारीक होते, मग गिझर नुसता टकटक करतो आणि पेटतच नाही. "माझ्या टायमाला गरम येतच न्हाई. किती वेळ उभं राहायचं?" कधीपासून, तर दिवाळी झाल्यापासून. पप्पांना सांगू नको, उगाच आरडाओरडा होईल, असंही तिनं सांगितलं.

मी पप्पांना सांगितलं. तेव्हाही मी स्केल, गाळणी काही म्हणाले नाही. आईला थंड पाण्यानं आंघोळ करावी लागते, मेकॅनिकला बोलवा, एवढंच म्हणाले.

वाटूर गावाकडचा एक मेकॅनिक दुपारी आला. त्यानं थंड नळ सोडून पाहिला, गरम नळ सोडून पाहिला, व्हॉल्व्ह बंद केला आणि नट खोलला. रुपयाच्या नाण्याएवढी जाळी निघाली, पांढऱ्या थरानं बुजलेली. ती त्यानं पप्पांच्या तळहातावर ठेवली. "खार बसलाय, साहेब. दोन महिन्याला जाळी धुवायची, बस."

"बराबर. मला वाटलंच होतं," पप्पा म्हणाले. काकांनी मान हलवली. फूटपट्टी कुणालाच आठवली नाही.

आईला आठवली. मेकॅनिक गेल्यावर तिनं गरम नळ सोडला, हात धारेखाली धरले आणि तसेच ठेवले. मी दारात होते.

"त्या दिवशी तू हेच सांगत होती ना?"

"हो."

"मंग परत का न्हाई सांगितलं?"

"तू हसलीस."

तिनं धारेखालचे हात उलटे केले. मग म्हणाली, "समदे हसून राह्यले होते, म्हणून हसले मी." आणि नळ बंद केला.

आता दर दोन महिन्यांनी जाळी मी धुते. धार चांगली येते. क्रम तोच आहे, आई शेवटीच जाते, पण तिलाही गरम पाणी मिळतं. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं आता पूर्ण मिटत नाहीत. ती बोटं त्या हिवाळ्यामुळे गेली की तशीही जाणारच होती, ते डॉक्टरांना विचारता येईल. मी विचारलेलं नाही, तिनंही नाही. हुक मीच लावते, रोज सकाळी.