पट्टी ओढली तवा कातडं आलं

मुशी मासळी सोलायची तर डोक्यामागं चिरा द्यायचा, कातडं चिमटीत धरायचं आनि एका झटक्यात शेपटीपत्तूर ओढायचं. हळू ओढलं तर मास फाटतं. हरिहरेश्वराच्या रस्त्याला बसून मी जलमभर अशाच मुश्या सोलल्या. हाताला दुसरी सवयच न्हाय.

माज्या नवऱ्याची, म्हाताऱ्याची, उजवी बाजू वाऱ्यानं लुळी पडली आनि लघवी तुंबली. डाक्टरनी नळी घातली, म्हनले, ही आता कायमची. पिशवी खाटेला टांगलेली, आनि नळी ओढली जाऊ नये म्हनून डाव्या मांडीवर चिकटपट्टी. दर दोन-चार दिसांनी पट्टी बदलायची, एवडंच मला सांगितलं. कशी काढायची ते कोनी सांगितलं न्हाय, मीबी इचारलं न्हाय. त्यात काय इचारायचं?

पयल्या वेळी चिमटीत धरली आनि ओढली. पट्टीबरूबर कातडं आलं. पांढरं पडलं, मंग बारीक बारीक रगत फुटलं. म्हातारा गुरावानी वराडला. त्याचा डावा हात अजून वल्ह्याचाच. उशाचा तांब्या उचलून त्यानं माज्या कपाळावर हानला.

"सोलते मला, भवाने! मासा हाय का मी?"

रगत डोळ्यात उतरलं. मला काय नवीन न्हाय. जाळ्याच्या दोरानं त्यानं मला मारलंय, वल्ह्याच्या दांड्यानं मारलंय. पुढचे दोन दात त्याच्याच हातानं गेले. पोटातलं एक लेकरूबी. मी कधी उलटा हात केला न्हाय.

चार दिसांनी परत पट्टी बदलायची आली. जुन्या जखमेच्या बाजूलाच लावली व्हती. म्हाताऱ्यानं आदीच शिव्या सुरू केल्या. मी टोक धरलं. आता मला ठावं व्हतं काय व्हनार ते. तरी ओढली, जोर लावून ओढली. तळहाताएवडं सोललं. तो वराडला आनि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

आठवड्यात जखम पिवळी पडली, वास मारू लागली. म्हाताऱ्याला साखर हाय. अंग तापलं तवा सून उपकेंद्रातल्या सिस्टरला घेऊन आली. पोरगीच ती, पन तोंडानं तिखट.

"आजी, नळीनं न्हाय झालं हे. पट्टीनं झालंय. म्हाताऱ्या मानसाचं कातडं कांद्याच्या पापुद्र्यावानी असतं. कोन काढतं पट्टी?"

"मी."

"अशी ओढता? साखर हाय त्यांना. सडत गेलं तर पाय कापावा लागंल. मानूसबी जाईल."

सून माज्याकडं बघाय लागली. मी म्हनलं, "पयल्यांदा चुकून झालं, बाय. दुसऱ्यांदा मी मुद्दाम ओढली."

सिस्टरनं माज्या कपाळावरची खोक बघितली, खाटेवर बघितलं. म्हातारा डोळे मिटून पडलेला.

"आनि तिसऱ्यांदा?" ती म्हनाली.

"दाखव कशी काढायची ते."

तिनं दाखवलं. कडंला खोबऱ्याचं तेल सोडायचं, जरा थांबायचं. एका हाताच्या बोटांनी कातडं दाबून धरायचं, दुसऱ्या हातानं पट्टी वर न्हाय ओढायची, तिच्याच अंगावर दुमडत, आडवी, मुंगी चालंल तशी सोडवायची. मंग साबनानं तेल धुवायचं, कोरडं करायचं. जखमेच्या पायाला पट्टी बंद. तिनं औषद दिलं. उजव्या पायाला नळी कापडानं बांधून बघितली, तर म्हातारा डाव्या हातानं सोडून टाकी. मंग तिथं मऊ कागदी पट्टी लावली.

"त्या पायाला त्यांना काय कळत न्हाय," सिस्टर म्हनाली. "चिमटा काढला तरी कळायचं न्हाय. कातडं लाल झालं का फोड आला, ते तुमीच बघायचं, आजी."

पावसाळा अर्धा गेला तवा डाव्या पायाची जखम भरली. रोज धुतली, रोज त्याच्या लाथा खाल्ल्या. एकदा तर माजे केस मुठीत धरून मला खाटेवर आपटलं. मी हातातला कापूस खाली पडू दिला न्हाय. नवं कातडं गुलाबी आलं, चमकतं. पाय वाचला.

उजव्या पायाची पट्टी मी बदलते. घरात बघायला कोन नसतं. ओढली तर तो हूं की चूं करनार न्हाय. तेल सोडते, थांबते, बोटं दाबून धरते.

परवा तो छपराकडं बघत म्हनला, "पट्टी कवा काढनार हायेस?"

"काढली."

"कवा?"

"आत्ता. नवी लावली बी."

त्यानं मान वळवून मांडीकडं बघितलं. कातडं जागच्या जागी व्हतं.

"च्या आन, रांडे," म्हनला.

मी हात धुतले नि च्या ठेवला.