चष्म्यावरची दुर्बीण

"दिसलं म्हणू नका. काय दिसलं ते सांगा."

हे वाक्य मी धुळ्याच्या ऑफिसात सोळा वर्षं ऐकलं. म्हणणाऱ्याला सगळे आबा म्हणायचे. मोजणीच्या उपकरणांची खोली त्यांच्या ताब्यात होती. लेव्हल, थिओडोलाइट, पट्ट्या, साखळ्या. नवा इंजिनिअर लेव्हलमधून बघून "हो, दिसतंय" म्हणाला की आबा त्याच्यासमोर उभे राहायचे आणि दूर उभ्या केलेल्या पट्टीवरचा आकडा विचारायचे. आकडा सांगितल्याशिवाय उपकरण खोलीबाहेर जायचं नाही. साहेब असला तरी नाही.

राग आला की आबा आधी स्वतःचा चष्मा काढायचे. जाड भिंगांचा, काळ्या फ्रेमचा. तो सदऱ्याच्या टोकाने पुसत पुसत ते बोलायचे. समोरचा माणूस धूसर झाला की बोलायला सोपं जातं, असं त्यांचं म्हणणं. आबांनी चष्मा काढला की आम्ही टेबलावरचे कागद आवरायला घ्यायचो.

मी तेव्हा त्याच ऑफिसात वरिष्ठ लिपिक होते. मला याद्या करायची सवय आहे. किराण्याची, लग्नाची, कपाटात काय कुठे आहे त्याची. एका वर्षी मी एक यादी आबांकडे नेली, कारण भिंगातलं त्यांच्याइतकं कोणाला कळत नव्हतं. दुर्बीण घ्यायची होती. हिवाळ्यातल्या रविवारी आम्ही गावाबाहेरच्या तलावावर पक्षी बघायला जायचो आणि यजमानांच्या कॉलेजातल्या मित्राची दुर्बीण आळीपाळीने डोळ्यांना लावायचो. आता स्वतःची हवी होती. यादीत लिहिलं होतं: स्कूटरच्या डिकीत मावेल अशी, हलकी, जास्तीत जास्त मोठं दाखवणारी.

आबांनी यादी वाचली आणि विचारलं, "घरात चष्मे किती?"

तीन, मी म्हटलं. माझा, बारा वर्षांच्या मीनलचा आणि सासूबाईंचा, मोतीबिंदूनंतरचा. फक्त यजमानांना चष्मा नाही, आणि त्याचा त्यांना अभिमान आहे.

"मग हे यादीत कुठाय?"

नव्हतं. आबांनी पेन मागून घेतलं आणि माझ्या सुवाच्य यादीच्या डोक्यावर वेडंवाकडं लिहिलं, 'चष्म्यावर दिसली पाहिजे'. तुम्ही नीटनेटकी यादी करणारे असाल तर मला काय वाटलं ते तुम्हाला कळेल.

चांगलं दुकान जळगावला होतं. आबांनी अट घातली, दुर्बीण घ्यायची तर सगळ्यांनी यायचं, सासूबाईंनीसुद्धा. यजमान म्हणाले, वस्तू आणायची की वरात काढायची? पण सासूबाईंची बहीण तिथेच पिंप्राळ्यात राहायची, तिच्याकडे जेवण होईल म्हणून सासूबाई तयार झाल्या. एका शनिवारी आम्ही पाच जण एसटीने निघालो.

घड्याळं, कॅमेरे आणि चष्मे एकत्र विकणारं ते दुकान. मालकाने काचेच्या कपाटातली सगळ्यात मोठी दुर्बीण काढली. काळी, चकचकीत, चांगली दीड किलोची. यजमानांनी ती रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या पाटीवर धरली आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. घरी नेणारच, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मग त्यांनी ती मीनलच्या हातात दिली.

"बेबी, चष्मा काढ," मालक म्हणाला.

"काढायचा नाही," आबा म्हणाले.

मीनलने चष्म्यावरच दुर्बीण टेकवली, क्षणभर धरली आणि म्हणाली, "दिसलं."

"काय दिसलं?"

"पाटी."

"पाटीवर काय लिहिलंय?"

तिने त्या दुकानाचं नाव सांगितलं, बिनचूक. यजमान हसले. आबा हसले नाहीत. आत शिरताना ते नाव तिनेही वाचलं होतं, आम्ही सगळ्यांनी वाचलं होतं.

"पाटीखाली कोण बसलंय?"

मीनलची दुर्बीण डोळ्यांवर तशीच. आबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसायला सुरुवात केली.

"खरं सांग, पोरी. काय दिसनं?"

रागात त्यांची अहिराणी वर यायची. मीनलने दुर्बीण खाली ठेवली आणि रडायला लागली. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. यजमान मालकाला म्हणाले, "बांधा हो ही." मी आबांकडे वळले आणि जे बोलायचं ते बोलले. की ती लहान आहे, तुमच्या ऑफिसातला इंजिनिअर नाही, तुम्हाला मदतीला आणलं आहे, उलटतपासणीला नाही. सगळं बोलले. इतक्या वर्षांनीसुद्धा त्यातला एक शब्द मला मागे घ्यावासा वाटत नाही.

आबांनी ऐकून घेतलं. मग ती दुर्बीण माझ्यापुढे सरकवली. "ताई, तुम्ही बघा."

मी चष्म्यावर लावली. काळोख. मधोमध चण्याएवढं उजेडाचं भोक, तेही डोळा जरा हलला की पळायचं. पाटी नाही, रस्ता नाही, काही नाही. आणि हे मला नवीन नव्हतं. तलावावर त्या मित्राच्या दुर्बिणीतून मी पूर्ण हिवाळाभर हेच बघत होते. मागे रांगेत माणसं उभी असायची, यजमान "दिसला का, दिसला का" करायचे, आणि मी "दिसला, किती सुंदर" म्हणून दुर्बीण पुढे द्यायचे. माझ्यानंतर मीनल असायची. तीही "दिसला" म्हणायची. ती हे कोणाकडून शिकली ते मला त्या दुकानात कळलं, आणि आबांवरचा राग जागच्या जागी राहून वर माझा स्वतःवरचा राग चढला.

सासूबाईंनी तोवर दुर्बीण ओढून घेतली होती. "मला तर बाई काळं कुळकुळीत दिसतंय," त्या मोठ्याने म्हणाल्या. "ह्याच्यापेक्षा माझा चष्मा बरा." आमच्या घरात खरं बोलणारी तेवढी एकच व्यक्ती होती.

मालक म्हणाला, चष्मा काढून चाक फिरवलं की झालं. त्यावर आबांनी त्याला जे ऐकवलं ते मी पाठ केलं. साधा नंबर चाकाने भागतो. या मुलीचा नंबर तिरका आहे, सिलिंडरचा, तो कुठल्याही चाकाने जात नाही. आणि चष्मा काढून पक्षी शोधायचा, मग चष्मा घालायचा, मग पुन्हा काढायचा. तोवर पक्षी नाशिकला पोहोचतो.

मग त्यांनी कपाटाचे खण उघडायला लावले. एकेक दुर्बीण हातभर लांब धरून ते डोळा लावायच्या बाजूचे उजेडाचे ठिपके बघायचे, दोन्ही गोल आहेत का, सारखे आहेत का. तळाच्या खणात एक लहान जपानी दुर्बीण होती, आठपट दाखवणारी. मालकाने ती काढलीच नव्हती. इतकी लहान वस्तू कोण घेतो? तिच्या डोळ्याकडच्या बाजूला रबरी कडा होत्या. आबांनी त्या बाहेरच्या बाजूला दुमडल्या. म्हणजे चष्म्याची काच भिंगाच्या जवळ जाते. मग मधला सांधा दाबून दोन्ही नळ्या मीनलच्या डोळ्यांइतक्या जवळ आणल्या. यजमान म्हणाले, आठपट म्हणजे फारच कमी.

मीनल तयार नव्हती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं की नाही दिसलं तर नाही म्हण, मलाही मघाशी दिसलं नाही. तिने माझ्याकडे असं पाहिलं की ती नजर मी विसरलेले नाही. मग दुर्बीण लावली.

"पाटीखाली एक म्हातारी आहे," ती म्हणाली. "बोरं विकतेय. तिने आत्ता एक बोर तोंडात टाकलं. बी थुंकली नाही, मुठीत धरलीय."

आबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "बांधा," ते मालकाला म्हणाले.

परतीच्या बसमध्ये यजमान पारोळ्यापर्यंत डोळे मिटून बसले. मीनल खिडकीतून दिसेल ते दुर्बिणीने बघत होती आणि सासूबाईंना सांगत होती. आबा माझ्या शेजारी बसले होते. मी अजून रागात होते, तेव्हा त्यांनीच बोलायला सुरुवात केली. लहानपणी पिंपळनेरकडच्या शाळेत त्यांना शेवटच्या ओळीत बसवायचे. का बसवायचे ते मी विचारलं नाही. तुम्हीही विचारणार नाही, आपल्याला माहीत आहे. फळा दिसायचा नाही. मास्तर विचारायचे, दिसतं का रे? हे म्हणायचे, दिसतं. नाही म्हटलं तर पुढे बसवावं लागलं असतं, आणि ते कोणालाच नको होतं. मग शेजाऱ्याच्या वहीतून उतरवायचं, शेजारी चुकला की हेही चुकायचे. शाळा सुटली. पुढे मोजणीवर खलाशी, म्हणजे हरकाम्या मदतनीस, म्हणून लागले, पट्टी धरून उन्हात उभे राहायचे. तिशीत पहिला चष्मा लागला. झाडाला सुटी सुटी पानं असतात हे त्या दिवशी कळलं, म्हणाले. ऐकून माझा राग गेला नाही. फक्त त्याने पत्ता बदलला.

आता पुढचं सांगायचं आहे ते मला सांगायला आवडत नाही.

काही वर्षांनी आबा निवृत्त झाले. निरोपसमारंभाची यादी अर्थात माझ्याकडे होती. हार, खुर्च्या, फराळ, भाषणांचा क्रम. 'भेटवस्तू' या ओळीसमोर मी दोन तरुण सहकाऱ्यांची नावं लिहिली आणि खूण केली. ते मुंबईला जाणारच होते. आबांना भिंगांचा नाद आहे, तर दुर्बीण आणू, असं त्यांनी ठरवलं. मला विचारलं नाही, आबांना विचारलं नाही. डबा उघडला तेव्हा मी तिसऱ्या रांगेत हातात यादी घेऊन उभी होते. काळी, चकचकीत, हातभर लांब.

साहेब म्हणाले, "बघा ना आबा. चष्मा काढा, नीट दिसेल."

आणि आबांनी चष्मा काढला. रागावल्यावर काढायचे तसाच, पण पुसला नाही. दुर्बीण डोळ्यांना लावली. खिडकीकडे धरली. सगळ्यांनी विचारलं, कशी आहे? आबा म्हणाले, छान आहे. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. माझ्या आयुष्यात इतक्या घाणेरड्या टाळ्या मी दुसऱ्या कधी वाजवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या दोघांना मी ऑफिसात सगळ्यांसमोर धुतलं. ते म्हणाले, भेट द्यायची वस्तू मोठी दिसायला हवी. मग मी आबांच्या घरी गेले. पिंपळनेरला जायचं म्हणून सामान बांधणं चाललं होतं. मी म्हटलं, द्या, बदलून आणते. ते नाही म्हणाले. आता परत केली तर साहेबांना कळेल, पोरांचे चेहरे पडतील. मी म्हटलं, पडू देत. मग मी त्यांना त्यांचाच प्रश्न विचारला, की काल काय दिसलं.

"ते माझं मी बघून घेईन," आबा म्हणाले. "तुमची यादी तुमच्याजवळ ठेवा."

माझ्याशी ते पहिल्यांदाच असे बोलले. मी चहा न घेता उठले. आमचं शेवटचं बोलणं ते.

दोन वर्षांनी आबा गेल्याचं ऑफिसात कळलं. मी साक्रीमार्गे पिंपळनेरला गेले. घर लहान, समोर ओटा, ओट्यासमोर डोंगराचा उतार. त्यांच्या पत्नीने मला ओळखलं. आबा माझ्याबद्दल बोलायचे म्हणाल्या, काय ते सांगितलं नाही. दाराशेजारी खिळ्याला ती दुर्बीण लटकत होती. तिच्यावर धूळ नव्हती. रोज संध्याकाळी दोघं ओट्यावर बसायचे, त्या म्हणाल्या. दुर्बीण त्या लावायच्या; त्यांना चष्मा नव्हता. आबा शेजारी बसून विचारायचे, उतारावर गुरं किती, कोणाची, राखायला कोण आहे. बठ्ठं, अगदी सगळं सांगावं लागे. नीट नाही सांगितलं की चिडायचे.

त्यांनी ती खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिली. मी चष्म्यावर लावली. काळोख आणि चण्याएवढं भोक.

"दिसनं का, ताई?"

"नाही, वहिनी," मी म्हटलं. "मला काहीच दिसत नाही."

"त्यासलेबी दिसे नही," त्या म्हणाल्या, म्हणजे आबांनाही नाही. "माले पहिला दिनलेच समजनं. पन मी बोलनू नही."

त्यांनी दुर्बीण माझ्या हातातून घेतली, स्वतःच्या डोळ्यांना लावली आणि उतारावर काय काय आहे ते मला सांगू लागल्या. दोन गायी, एक वासरू. वासराच्या गळ्यात दोरी नाही. मी बसून ऐकत राहिले.